भरतीच्या वेळचा होकार

चष्म्याच्या दुकानातला धाकटा भागीदार उद्या सकाळच्या गाडीने परगावी नोकरीला निघाला होता, आणि थोरल्याला, म्हणजे त्याच्या सख्ख्या भावाला, ‘जाऊ नकोस’ एवढे काही केल्या म्हणवत नव्हते. दुकानात गिऱ्हाइके, घरी आई आणि बायको. शेवटी तो धाकट्याला किनाऱ्यावर पक्षी बघायला घेऊन गेला. थंडीच्या तोंडावर उत्तरेकडून तिथे चिखल्यांचे थवे उतरतात. ते बघायला छोट्याशा तंबूत लपून बसावे लागते आणि मधेच उठून जाता येत नाही, हा थोरल्याचा हिशेब.

दुर्बिणीची जागा त्याने प्रेमाने धाकट्याला दिली आणि स्वतः त्याच्या डाव्या हाताला अंग चोरून बसला. भरती चढली तसे पक्षी सरकत सरकत तंबूच्या दोऱ्यांपर्यंत आले. आता खोकायचीही चोरी. तरी थोरल्याने धीर करून कुजबुजत सगळे सांगून टाकले. दुकान खायला उठेल, मी उगाच भांडलो, जाऊ नकोस.

धाकट्याने दुर्बिणीवरून डोळा न काढता मान डोलावली.

थोरल्याला आनंदाने पक्षी दिसेनासे झाले. त्याने गुपचूप बायकोला मेसेज केला, ‘राहतोय.’ तिने सासूबाईंना सांगितले, सासूबाईंनी मावशीला, आणि भरती ओसरायच्या आत धाकट्याची भरलेली बॅग रिकामी होऊन कपडे कपाटात गेलेसुद्धा.

थवा उडाला तसे दोघे पाय झाडत बाहेर आले.

“दादा, आत काय पुटपुटत होतास रे?”

“म्हणजे? तू मान हलवलीस की.”

“डावा कान लहानपणीच्या तापात गेलाय माझा, विसरलास? पक्ष्यांची नावं सांगत असशील म्हणून आपली हलवली.”

थोरल्याला स्वतःचा भयंकर राग आला. घरात सगळे सवयीने धाकट्याच्या उजवीकडे बसत, आणि नेमका आजच हा शहाणा डावीकडे बसला होता. तो पुन्हा सांगायला गेला, पण धाकटाच बोलू लागला.

“खरं सांगू? तू जाऊ नको म्हणशील याचीच धास्ती होती. म्हणाला असतास तर पाय निघाला नसता माझा. आणि मला जायचंय रे.”

थोरला तंबूची घडी घालत राहिला. ती पिशवीत मावेना. तेवढ्यात आईचा फोन आला.

“कोण आहे?” धाकट्याने विचारले.

“गिऱ्हाईक,” थोरला म्हणाला. मग तो वळसा घालून धाकट्याच्या डाव्या बाजूला गेला आणि फोनमध्ये कुजबुजला, “आई, त्याची बॅग परत भरून ठेव.”