साहित्य: एक कपाट, एक नाना

“आता कपाटात शिरा,” बाई म्हणाल्या.

“आत?” नाना म्हणाले. “आत्ता तर समोर उभं केलं होतंत.”

“ते ‘इन फ्रंट ऑफ’ झालं. कपाटाच्या समोर. आता ‘इन द फ्रंट ऑफ’. म्हणजे कपाटाच्या आतच, पण पुढच्या भागात. कपड्यांच्या अलीकडे. फरक नीट लक्षात यायला हवा.”

“कुणाच्या?”

“माझ्या. शिरा लवकर.”

बाईंनी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं होतं. जे हाताने करून पाहिलं नाही ते डोक्यात राहत नाही, हा त्यांचा पक्का विश्वास. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली, पण प्रयोग सुटले नाहीत. उपकरण म्हणून घरात जे सापडेल ते चालायचं, आणि बहुतेक वेळा त्यांचे यजमान नानाच सापडायचे.

आजचं निमित्त गंभीर होतं. एकुलत्या एका मुलाचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलीची आई आज पहिल्यांदाच घरी येणार होती. ही आई इंग्रजीची प्राध्यापिका, परप्रांतातली; तिच्याशी इंग्रजीतच बोलावं लागणार होतं. बाईंना इंग्रजीतले मोठे शब्द घाबरवत नसत. ‘इलेक्ट्रोमॅग्नेटिक’ त्या पाणी प्यावं तसा उच्चारत. घाबरवायचे ते चिल्लर शब्द. इन, ऑन, ॲट.

गेल्याच आठवड्यात या चिल्लरीने त्यांचा घात केला होता. फोनवर प्राध्यापिकांना पत्ता सांगायचा होता: आमचं घर गल्लीच्या टोकाला आहे. ‘ॲट द एंड’ म्हणायचं ते त्या ‘अवर हाउस इज इन द एंड’ म्हणून मोकळ्या झाल्या. पलीकडून आवाज आला, “हाउ नाइस.”

“आई, याचा अर्थ काय झाला माहितेय?” मुलाने हसत हसत सांगितलं होतं. “सरतेशेवटी आमचं घर आहे!”

बाई हसल्या नाहीत. विहीणबाईंनी आपल्याला अडाणी ठरवलं, तर दोन घरांचा सांधा कायमचा खिळखिळा राहील आणि पोरगा आयुष्यभर दोघींच्या मध्ये दुभाषा होऊन बसेल, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

म्हणून सकाळपासून प्रयोग चालू होते. ‘ऑन द वे’ म्हणजे वाटेत असणं: नाना स्वयंपाकघरातून दिवाणखान्याकडे चालत गेले. ‘इन द वे’ म्हणजे वाट अडवणं: यासाठी नानांना सरावाची गरज पडली नाही.

आता ते भिंतीतल्या कपाटात शिरले. बाईंनी दार लोटलं, कारण दार उघडं असलं की आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं ते संदिग्ध राहतं. खट्ट असा आवाज झाला. निरीक्षण मनात पक्कं करून बाईंनी दार ओढलं. दार जागचं हललं नाही. मूठ मात्र हातात आली.

“अहो.”

“झालं का?”

“मूठ निघाली.”

आत हँगर खडखडले. मग नाना म्हणाले, “मी वर्षभर म्हणतोय, ती मूठ बसवून देतो म्हणून.”

“म्हणताय. बसवत नाही.”

“आज बसवतो.”

“आतून?”

बाईंनी मुठीच्या भोकात चमच्याचा दांडा घालून फिरवला. चमचा वाकला.

“स्क्रूड्रायव्हर कुठेय?”

“इथेच आहे. खालच्या डब्यात.”

“मग द्या की दाराखालच्या फटीतून!”

“अंधार आहे. चष्मा बाहेर राहिलाय. हाताला लागेल ते देतो, तुम्ही बघून घ्या.”

फटीतून आधी शिंगाच्या आकाराचं काहीतरी आलं, ते बुटात पाय सरकवायचं पातं निघालं. मग कंगवा आला. मग एक मोजा आला, ज्याच्या जोडीदाराला बाईंनी हिवाळ्यातच फेकून दिलं होतं. आणि तेवढ्यात बेल वाजली.

दारात हातात रोपाची कुंडी घेऊन प्राध्यापिका उभ्या होत्या. ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी, एकट्या. मुलं गाडी लावताहेत, येतीलच, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. बाईंच्या एका हातात पितळी मूठ होती, दुसऱ्यात वाकडा चमचा. आठवडाभर घोटलेली स्वागताची वाक्यं एकजात पळाली.

“अँड युअर हजबंड?” प्राध्यापिकांनी विचारलं.

बाईंनी श्वास घेतला. हे एक वाक्य मात्र प्रयोगाने सिद्ध झालेलं होतं.

“माय हजबंड इज इन द फ्रंट ऑफ द कपबोर्ड.”

प्राध्यापिका मायेने हसल्या. हाडाच्या शिक्षकाला राहवत नाहीच. “इन फ्रंट ऑफ,” त्या हलकेच म्हणाल्या आणि वाकून खोलीत कपाटासमोर पाहिलं. तिथे कंगवा होता, मोजा होता. नवरा नव्हता.

“नो,” बाई ठामपणे म्हणाल्या. “इन द फ्रंट ऑफ.”

“आता नाही,” कपाटातून आवाज आला. “मी मागे सरकलोय. पुढे हँगर टोचत होता.”

प्राध्यापिकांनी कपाटाकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं. कुंडी खाली ठेवली. आणि मग त्या जमिनीवरच बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिल्या.

हसू ओसरल्यावर त्या बोलल्या, ते चक्क बाईंच्या भाषेत. “मी तुमच्या घरावर येताना फार भिऊन होते. मुलगी सांगते, तुम्ही विज्ञानाची बाई. एक चूक सोडत नाही. मी पूर्ण आठवडा तुमची भाषा पाठ करते आहे.”

‘घरावर नव्हे, घरी.’ बाईंच्या ओठांपर्यंत आलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी समोरची चूक तशीच जाऊ दिली.

“चुकले तर मीच होते,” बाई त्यांच्याशेजारी बसत म्हणाल्या. “त्या दिवशी फोनवर. इन द एंड.”

“ते चूक होतं?” प्राध्यापिकांना खरंच आश्चर्य वाटलं. “मला वाटलं, तुम्ही किती मोठं बोलल्या. सगळं होतं, आणि शेवटी आपलं एक घर असतं. मी वर्गावर पण सांगितलं.”

बाईंनी विहीणबाईंचा हात धरला. त्यासाठी मूठ खाली ठेवावी लागली.

“विहीणबाई, नमस्कार,” कपाट म्हणालं. “उरलेलं मला बाहेर काढून बोललात तर फार उपकार होतील. आणि हे बघा, हे लांबट काय आहे?”

या खेपेला फटीतून स्क्रूड्रायव्हर आला. एकीने मोबाइलचा उजेड धरला, दुसरीने त्याचं टोक भोकात घालून फिरवलं. दार उघडलं, आणि नेमक्या त्याच वेळी मुलगा आणि त्याची होणारी बायको आत आले. दोन्ही आया जमिनीवर बसलेल्या, आणि बाबा कोटांच्या मधून वाट काढत बाहेर येताहेत.

“आई! तुला म्हटलं होतं ना, आज प्रयोग नको!”

“गप रे,” नाना खांद्यावरचा हँगर काढत म्हणाले. “यशस्वी झालाय.”

पाहुण्या गेल्या तेव्हा दिवे लागले होते. कुंडी खिडकीत ठेवली होती. नानांनी चष्मा लावला, मूठ आणि स्क्रूड्रायव्हर घेतला आणि वर्षभरात पहिल्यांदाच खरोखर दुरुस्तीला कपाटासमोर जाऊन बसले.

बाई बघत होत्या. मूठ घट्ट असती, तर आज इस्त्रीच्या कपड्यांतल्या दोन घाबरलेल्या बायका समोरासमोर बसून एकमेकींना पाठ केलेली वाक्यं म्हणून दाखवत्या आणि बिस्किटं पुढे करत्या. त्यांच्या मनात काहीतरी दाटून आलं. ते नानांबद्दल होतं की मुठीबद्दल, हे तपासायला त्या थांबल्या नाहीत.

“अहो, राहू द्या ती,” त्या म्हणाल्या. “तशीच असू दे.”

नानांनी समाधानाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“मग वर्षभर मी दुसरं काय करत होतो?”