भोयरकाकांची चकती

चॉकलेटचा टार्ट भाजताना डोक्यावर पिवळं हेल्मेट घालणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमच्या नंदनवन कॉलनीत या, दाखवतो. आमच्या समोरच राहतात. भोयरकाका. मौद्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर नोकरी केली आणि निवृत्त होताना हेल्मेट घरी घेऊन आले. ओट्यावरच्या ओव्हनला ते ओव्हन म्हणत नाहीत. "आज बॉयलर पेटवून राहिलो गा," असं फाटकातून ऐकू आलं, की गल्लीनं समजायचं : आज कोणाच्या तरी घरी टार्ट येणार.

ओव्हन मुळात काकूंचा. काकू हौशी. गल्लीत काही चांगलं घडलं की टार्ट करायच्या आणि काका खुर्चीतून विचारायचे, "या पोळीवर चॉकलेट काहून सांडलं?" मग काकू गेल्या. ओव्हन बरेच महिने थंड होता. एके दिवशी पुन्हा तापला, तो हेल्मेटासकट.

टार्ट मात्र फर्मास. खाली मैदा-लोण्याची खुसखुशीत वाटी, तिच्यात चकचकीत चॉकलेट, काजू, अक्रोड आणि कळमन्याच्या बाजारातून आणून घरी भाजलेले शेंगदाणे. शेंगदाण्यांबद्दल काका कोणाचं ऐकत नाहीत. "अक्रोड पाहुणा हाय. शेंगदाणा घरचा. घरच्याले बाहेर ठेवता का?"

टार्ट खास प्रसंगालाच करायचा, हा काकूंचा नियम काका कडक पाळतात. प्रसंगाची व्याख्या तेवढी सैल केली आहे. कोणाचा मुलगा पास झाला, टार्ट. कोणाच्या बोअरला पाणी लागलं, टार्ट. एकदा भर एप्रिलात आमच्या कूलरची मोटर बदलली. संध्याकाळी काका दारात. "नवी मोटर लागली म्हणते. मौका हाय."

आता चकतीबद्दल सांगतो. टार्टच्या साच्याचा तळ सुटा असतो. त्या पत्र्याच्या गोल चकतीवरच काका टार्ट देतात आणि दुसऱ्या दिवशी न्यायला हजर होतात. "माझी चकती द्या. तिच्याबिगर बॉयलर बंद." असं म्हणून ते बसतात. चहा होतो, पोहे होतात, नुसत्या आवाजावरून बॉयलरचं दुखणं ओळखल्याची कथा होते. माझी ती इतकी पाठ आहे, की काका ठसकले तर पुढचं वाक्य मी पुरवतो. जेवायची वेळ झाली की ते उठतात. कधी उठत नाहीत.

मोटरच्या टार्टला माझ्या बायकोनं, मीनानं, घोळ केला. म्हातारा माणूस उन्हातून कशाला हेलपाटा घालेल, म्हणून तिनं चकती त्याच संध्याकाळी घासली. रिकामी कशी धाडायची, म्हणून वर शंकरपाळे ठेवले आणि इस्त्रीवाल्याच्या हाती समोर पोचती केली.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. तिसऱ्याही. कोपऱ्यावर साखरपुडा झाला, तरी बॉयलर गप्प. शेवटी मीच गेलो. काका टेबलाशी बसले होते. पुढ्यात चकती, चकतीवर शंकरपाळे जसेच्या तसे.

"मिळाली ना काका?"

"मिळाली." त्यांनी चकती जराशी माझ्याकडे सरकवली. "पण पाठवली काहून? मी आलोच असतो ना गा."

मला पाणी प्यायचं होतं. पेला घ्यायला कपाट उघडलं, तर आत तशाच चकत्यांची चळत. काहींवर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. मी पेला घेतला आणि कपाट हळूच लावलं. काका खिडकीबाहेर बघत होते.

घरी येऊन मीनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमच्या चांगल्या धडधाकट फाटकाला तिनं रंग लावून घेतला आणि मी रस्त्यात उभा राहून काकांना ऐकू जाईल असा त्या रंगाचा गौरव केला. समोरून आवाज आला, "मौका हाय का?"

"हाय तर," मी म्हणालो.

टार्ट आला, आम्ही संपवला. दुसऱ्या दिवशी काका आले. "माझी चकती द्या."

मीना पदराला हात पुसत बाहेर आली. "सापडूनच नाही राहिली, काकाजी. कुठं ठेवली कोणास ठाऊक."

चकती ओट्यावर भिंतीला टेकून लखलखत होती. काका बसले होते तिथून सरळ दिसत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मीनाकडे पाहिलं. मग उठून खुर्ची फिरवली आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून बसले.

"घाई नाही वं," ते म्हणाले. "शोध आरामात."