स्ट्रॉबेरी चहा आणि फाटलेल्या दुधाचा तपास

"माझ्यासारखी नजर शतकात एखाद्याला मिळते," भाऊजी म्हणाले, "आणि तो माणूस सहसा पोलिसांत नसतो."

हे सांगताना त्यांनी स्वेटर उलटा घातला होता. मेहुण्याने ते पाहिलं आणि तो गप्प राहिला. भाऊजींच्या तपासात सहायक म्हणून काम करायचं तर काय दिसलं हे न बोलण्याची सवय लागते. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून खपायचं आणि दुकान सुटलं की बहिणीच्या घरी येऊन आंधळ्यासारखं वागायचं, असा त्याचा दिनक्रम होता.

भाऊजी स्वतः बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायचे. वस्तू हरवायचे प्रवासी, सापडायच्या कंडक्टरला, आणि मधल्या काळात त्यांच्यावर लक्ष ठेवायचे भाऊजी. इतक्या वर्षांत इतक्या छत्र्यांचा छडा आपल्या खिडकीवर लागला, यावरून आपण जन्मजात गुप्तहेर आहोत असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. हा त्यांचा सर्वात भक्कम निष्कर्ष होता.

या वेळचं प्रकरण मात्र घरातलंच होतं. ताईची बालवाडीतली नोकरी बालवाडीसकट गेली होती. तेव्हापासून ती घरात उगाचच डबे पुसत बसायची. गेल्या रविवारी तिने सहज म्हणून स्ट्रॉबेरीचा दुधाळ चहा केला. स्ट्रॉबेऱ्या साखरेत शिजवून त्यांचा घट्ट रस काढला, चहा उकळून गाळला, दोन्ही एकत्र करून वर दूध ओतलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची पार्लरवाली चावी मागायला आली. तिने एक कप प्यायला, मग दुसरा मागितला आणि म्हणाली, "वहिनी, हा माझ्या गिऱ्हाइकांना द्यायचा मी. शनिवारी परत येते. असाच जमला तर रोजचं ठरवून टाकू."

ताई त्या दिवशी संध्याकाळभर गुणगुणत होती. सोमवारी तिने परत तोच चहा केला आणि दूध फाटलं. मंगळवारी फाटलं. बुधवारी तिने नवं पातेलं काढलं, तर नव्या पातेल्यातही फाटलं.

"घातपात," भाऊजी म्हणाले.

पहिला संशय दूधवाल्यावर गेला. भाऊजींनी त्याला जिन्यातच गाठलं.

"हे दूध तुम्ही कुठून आणता?"

"गाईकडून."

"तिला कुणी भेटायला येतं का?"

दूधवाल्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने छताकडे पाहिलं. शेवटी दूधवाला म्हणाला, "साहेब, याच दुधाचा साधा चहा तुम्ही रोज सकाळी पिता. तो फाटतो का?"

"तो विषय वेगळा आहे," भाऊजी म्हणाले आणि तो विषय त्यांनी तिथेच सोडला. प्रकरण तिथेच सुटलं असतं हे मेहुण्याला पुढे फार लागलं.

मग शेजारच्या खोकणाऱ्या मास्तरांची पाळी आली. ताई चहा करायला लागली की ते नेमके खोकतात, असं भाऊजींच्या ध्यानात आलं होतं. मास्तर ताई चहा करत नसतानाही खोकतात, हे मेहुण्याने सुचवून पाहिलं. "तो बचाव आहे," भाऊजी म्हणाले, "आधीपासून तयार करून ठेवलेला." त्यानंतर त्यांनी ठसे मिळवण्यासाठी पातेल्यावर टाल्कम पावडर मारली. ठसे मिळाले आणि ते ताईचे निघाले. त्या दिवशीच्या चहाला गुलाबाचा वास आला आणि दूध नेहमीप्रमाणे फाटलं.

शुक्रवारी त्यांनी रविवारचा संपूर्ण देखावा पुन्हा उभा केला. ताईला रविवारची साडी नेसायला लावली, रेडिओ तेवढ्याच आवाजात लावला, स्वतः केस ओले करून त्याच स्टुलावर बसले.

"आता आठव. रविवारी काय काय झालं? क्षुल्लक गोष्टसुद्धा सोडू नकोस."

"चहा उकळला. गाळला. रस घातला. दूध घातलं."

"दुसरं काही घडलं?"

"काही नाही हो."

"माझ्याही लक्षात काही नाही," भाऊजींनी साक्ष दिली. ताईने सांगितलं तस्संच केलं, एकापाठोपाठ एक, पटापट. दुधाच्या गुठळ्या वर आल्या. ताईने पातेलं बाजूला सारलं आणि ती बराच वेळ सिंकपाशी पाठ करून उभी राहिली. मेहुण्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे दिसत होते. त्याला भाऊजींचा मनापासून राग आला.

शनिवारी ताईने चहा गाळून ओट्यावर ठेवला, बाजूला रसाची वाटी आणि दुधाचं भांडं ठेवलं. पार्लरवाली येईपर्यंत हात लावायचा नाही, असं तिने ठरवलं असावं, कारण तिचा धीर होत नव्हता. तेवढ्यात भाऊजी दाराला पाठ लावून उभे राहिले.

"कुणीही बाहेर जायचं नाही. गुन्हेगार याच खोलीत आहे."

खोलीत तिघंच होते. मेहुण्याने हिशेब केला आणि तो ताईच्या बाजूला सरकला.

"पातेल्यावर कुणाचे ठसे? तिचे! दरवेळी जागेवर हजर कोण? तीच! कारणही उघड आहे. हिला यश नकोय. हिला भीती वाटते, म्हणून ही स्वतःच दूध नासवते!"

मग ताईने पदर खोचला.

"मी नासवते? मी? अहो, आठवडाभर मी इथे उभी आहे, आणि तुम्ही माझ्या पातेल्याला पावडर लावताय! मास्तरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. दूधवाला वरती यायला तयार नाही, खालूनच हाक मारतो!"

"तपासात नाती बघून चालत नाही!"

"तपास! घरातलं नेलकटर गेल्या उन्हाळ्यापासून सापडत नाहीये, ते शोधा आधी!"

"ताई, भाऊजी, जरा हळू," मेहुणा म्हणाला. दोघांनी एकदमच त्याला गप्प बसवलं. मग डेपोतून घरी येऊन पडलेल्या बेवारस छत्र्या निघाल्या, लग्नातला आहेर निघाला, कुणाच्या आईने कुणाला काय म्हटलं ते निघालं. शेवटी ताईचा आवाज फुटला.

"बालवाडी बंद झाल्यापासून मला कुणी काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, तुमच्या हातचं द्या. आणि तुम्ही मलाच चोर ठरवताय."

इतक्यात मागून भुरका मारल्याचा आवाज आला.

ओट्याशी पार्लरवाली उभी होती. तिच्या हातात कप होता.

"तुम्ही कधी आलात?" ताईने डोळे पुसत विचारलं.

"मगाशीच. छत्र्यांच्या वेळी. दार ढकलून आले, हे बाजूला झाले तरी यांना कळलं नाही." तिने भाऊजींकडे बोट दाखवलं. "तुमचं काही आवरेना, मग माझा मीच करून घेतला. चहा पार गार झाला होता, तसाच रस नि दूध घातलं. फर्स्टक्लास लागतोय की, रविवारसारखा."

मेहुण्याने कपात डोकावून पाहिलं. गुलाबी, गुळगुळीत, एकही गुठळी नाही. त्याने ताईकडे पाहिलं.

"ताई, रविवारी चहा गाळल्यावर लगेच रस घातला होतास?"

"लगेच कसा? मध्ये ह्यांच्याशी भांडत होते ना."

"मग काल सांगितलं का नाहीस?"

"त्यात काय सांगायचं?" ताई म्हणाली. "काही घडलं का म्हणून विचारलं होतं. आमचं भांडण म्हणजे काय घडणं झालं?"

"मलाही ते उल्लेख करण्याइतकं वाटलं नाही," भाऊजी म्हणाले.

आंबट रस कढत चहात गेला की वर ओतलेलं दूध फाटायचं आणि गार चहात गेला की नाही, एवढंच ते प्रकरण होतं. पार्लरवालीने तिसरा कप संपवला, सोमवारपासून रोज दोन थर्मास सांगितले आणि ती गेली. भाऊजींनी मात्र मेहुण्याला कोपऱ्यात घेऊन वेगळा निकाल दिला. "भांडण हाच त्यातला गुप्त घटक आहे. मी ते मुद्दाम पेटवलं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल."

सोमवारी सकाळी कामावर जाता जाता मेहुणा थर्मास पोचवायला म्हणून आला. चहा गाळून ओट्यावर ठेवलेला होता, त्याची वाफ अजून जात होती. ताई हाताची घडी घालून समोर उभी होती. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, आणि पहिल्यांदाच त्यांना कुठे बघावं हे कळत नव्हतं.

"ते शनिवारी तुला जे म्हणालो ना," त्यांनी घसा साफ केला, "म्हणजे, चुकलं माझं. फार चुकलं. हे मला लगेच म्हणायला हवं होतं, पण..."

ताईने त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. सावकाश सांगा सगळं," ती म्हणाली. "चहा अजून गार व्हायचाय."