बरणीला पावडर लावणारे नाना

आमच्या बोरी गावात चटणीच्या बरणीला पावडर लावणारा एकच माणूस आहे आणि तो माझा शेजारी आहे. पावडर म्हणजे तोंडाला लावतात तीच. फोटोत काचेवर चकाकी नको म्हणून रंगनाथनाना कापसाच्या बोळ्यानं ती हलकेच टिपतात, थोडे मागं येतात, मान वाकडी करून बघतात आणि बरणीला दटावतात, "आता हलू नगं."

नानांचा बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. आसपासच्या निम्म्या लोकांचे पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम नानांच्या हातचे. मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला, लग्नाला परभणीहून ड्रोनवाले यायला लागले आणि नानांनी शटर ओढलं. स्टुडिओतला कॅमेरा, आरसा, कंगवा आणि पावडरचा डबा तेवढा घरी आणला. घरात आता ते एकटेच असतात. प्रयागकाकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, जाऊन बरीच वर्षं झाली. गंमत म्हणजे भिंतीवर काकूंचा फोटो नाही, भलत्याच कुणा नवरीचा आहे. त्याला रोज ताजा हार. तोही धड नाही, एका कोपऱ्यात सरकलेला. गाव यावर काय काय बोललं ते मी लिहीत नाही. मी आपली जाता-येता तो हार सरळ करायची.

मी कारळाची चटणी करते. चांगली करते. आपल्या तोंडानं सांगू नये म्हणतात, पण दुसरं कोण सांगणार? अडचण एवढीच की कारळाची चटणी पडली काळी. मोबाइलवर काढलेला तिचा फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तर गंगाखेडच्या मावसदिरानं विचारलं, हे खत कोणत्या पिकाला घालायचं? मी तडक बरणी उचलली आणि नानांच्या दारात गेले.

नानांच्या लेखी वस्तू ही वस्तू नसतेच, समोर येऊन बसलेलं गिऱ्हाईक असतं. चटणी नुकतीच कुटलेली आहे हे कळल्यावर त्यांनी कॅमेरा बाहेरच काढला नाही. "आत्ताच मुसळाचा मार खाऊन आलीय, आज हिचा चेहरा उतरलाय. उद्या सकाळच्या उजेडात बघू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या ओसरीवर आले ते घराचा ताबा घ्यायलाच. धूळ उडते म्हणून झाडू बंद. सावली पडते म्हणून म्हैस गोठ्यातच. उजेड चटणीवर परतवायला पांढरं काहीतरी पाहिजे, म्हणून माझ्या सासऱ्यांना धुतलेलं धोतर ताणून धरायला उभं केलं. ज्या माणसानं जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो तासभर धोतर धरून उभा होता आणि शेजारणी कुंपणावरून बघत होत्या. सासूबाईंचा तो दिवस फार आनंदात गेला.

पांढऱ्याशुभ्र ज्वारीच्या भाकरीवर नानांनी चटणी ठेवली, वर तेलाची धार सोडली. मग मला म्हणाले, भाकरीला हात लावून बसा. मी म्हटलं, नाना, फोटो चटणीचा काढायचाय.

"चटणी काय झाडाला लागली का? हात पायजे."

माझ्या मनगटावर तव्याचा जुना डाग आहे. तो झाकायला मी बांगड्या पुढं ओढल्या, तर त्यांनी त्या परत मागं सरकवायला लावल्या.

मग मी फोटो बघितला. ज्या चटणीला लोक खत म्हणत होते, ती अशी देखणी दिसत होती की मलाच भूक लागली. मला इतका अभिमान वाटला की दिवसभर मी तो भेटेल त्याला दाखवत सुटले. मावसदिराला तर सगळ्यांत आधी पाठवला.

तेव्हा पुण्यातल्या एका दुकानाशी माझं बोलणं चाललं होतं. माझा माल जिल्ह्याबाहेर जायची ती पहिलीच संधी होती. दुकानातल्या बाईंना फोटो आवडला, पण हात काढून टाका म्हणाल्या. तो डाग बरा दिसत नाही, फोटो बदलला की मालाचं बघू. मी नानांना त्यांच्या घरी गाठलं आणि तेवढा हात कापून द्या म्हटलं. नानांनी नाही म्हणून मान हलवली. आधी मी समजावलं, मग चिडले. एका हातापायी माझा धंदा बसेल, तुमचं काय जातंय, असंही बोलून गेले.

नाना उठले. त्यांनी भिंतीवरची नवरी खाली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. हार बाजूला करून कोपऱ्यात बोट टेकवलं. नवरीचा पदर नीट करणारा एक हात फोटोच्या कडेनं आत आला होता. हिरव्या बांगड्या, नखांना हळद. बाकीचं माणूस फोटोच्या बाहेर राहिलं होतं.

"ही प्रयाग," नाना म्हणाले. "सोताचा फोटू कधी काढू दिला न्हाई. लोकांचे काढा, माझा काय काढायलाव, म्हणायची. नवरीचा पदर नीट करून मागं सरायची. कधी हात राहून जायाचा. गिऱ्हाइकाला नवरी पायजे, म्हणून मी तेवढी कड कटरनं कापून टाकायचो." बोलता बोलता ते काच पुसत राहिले. "ह्यो फोटू न्यायला कुणी आलंच न्हाई, म्हणून कापायचा राहिला. लय हात कापले सूनबाई. आता कुणाचा कापत न्हाई."

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. घरी येऊन पुण्याच्या बाईंना फोन लावला. म्हटलं, "चटणी ह्याच हातची हाय. हात ठिवायचा आसंल तर चटणी येईल."  मग त्या म्हणाल्या, बरं, हात राहू द्या, माल पाठवा.

आता माझ्या प्रत्येक बरणीवर तो फोटो असतो, डागासकट. फोटो छापलेली पहिली बरणी मी नानांना नेऊन दिली. त्यांनी ती पुसली आणि नवरीच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली. मधोमध नाही, कोपऱ्यातल्या हाताच्या बरोबर खाली. वर हार नेहमीसारखाच सरकलेला होता. मी तो आता सरळ करत नाही.