सर्वांना समान हॅलो

आंबेनळी घाटाच्या पायथ्याला एका पोस्टात सार्वजनिक टेलिफोन होता आणि त्याची तार एकच होती. त्या तारेवर सकाळपासून गोमाजीशेठ बसत. कोळशाच्या व्यापाऱ्याला मुंबईशी बोलावं लागतं, हे कुणालाही पटेल. पण कोळसा आटोपला की शेठ साडूच्या तब्येतीवर येत, तिथून साडूच्या म्हशीच्या तब्येतीवर, आणि दुपार होई. ओट्यावरची रांग सुकून जाई. शेवटी रांगेनं ओरड केली, ‘‘आमी काय मानसं नाय?’’

पोस्टमास्तर यज्ञेश्वर यांना अन्याय सहन होत नसे. त्यांनी ‘समन्यायी संभाषण वाटप योजना’ जाहीर केली. प्रत्येकानं थोडंच बोलायचं. घंटा झाली की जोडणी तुटणार. मग रांगेच्या शेपटाला जाऊन उरलेलं बोलणं पुढच्या पाळीपर्यंत तोंडात धरून ठेवायचं. रांगेनं टाळ्या वाजवल्या. गंमत बघायला थांबलेल्या येसूबाईनंही वाजवल्या. तेव्हा तिला कुणाला फोन करायचा नव्हता.

पुढच्याच आठवड्यात तिचा नवरा काशीराम गवत कापताना दरडीवरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी त्याला ट्रकात घालून महाडच्या दवाखान्यात नेलं. जाताना सांगून गेले, ‘‘आपरेशन करतील, रगत लागंल. चांगूला बोलीव.’’ चांगू तिचा एकुलता एक मुलगा, मुंबईला गिरणीत. त्याच्या चाळीखालच्या वाण्याकडे फोन होता.

पहिल्या पाळीत येसूबाई ‘‘चांगूला हाक मारा वो’’ एवढंच बोलली. घंटा झाली. ती शेपटाला गेली.

पुढं पाहते तर गोमाजीशेठचे पाच गडी ओळीनं उभे. एकानं भाव विचारायचा, दुसऱ्यानं ऐकायचा, तिसऱ्यानं ‘परवडत नाही’ म्हणायचं, चौथ्यानं ‘परवडतं’ म्हणायचं. पाचवा म्हशीसाठी.

‘‘मास्तर, बोलनारा येकच हाय की!’’ येसूबाई म्हणाली.

‘‘योजना तोंडं मोजते बाई, बोलणं नाही,’’ यज्ञेश्वर शांतपणे म्हणाले.

पुन्हा पाळी आली तेव्हा चांगू वाण्याकडे येऊन थांबला होता.

‘‘चांगू रे, तुजा बा गेला—’’

घंटा झाली.

‘‘मास्तर, माजं निम्मं ऱ्हायलं!’’

‘‘सगळ्यांचंच निम्मं राहिलंय, येसूबाई. यालाच न्याय म्हणतात.’’

‘महाडच्या दवाखान्यात’ हे शब्द तोंडात धरून ती पुन्हा शेपटाला गेली. ते बाहेर काढायची पाळी आली तेव्हा वाणी म्हणाला, ‘‘चांगू रडत एस्टी स्टँडवर गेला. सोबत अर्धी चाळ गेलीय.’’ एवढ्यात त्याचीही घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वाण्याचं पुढचं ऐकावं म्हणून, ती पुन्हा रांगेत उभी होती. इतक्यात चांगू ओट्यावर आला आणि तिच्या गळ्यात पडला. मागं माना खाली घातलेली दहाबारा माणसं. चांगूनं वाटेतच डोकं भादरून घेतलं होतं. ते गुळगुळीत डोकं पाहून येसूबाईनं त्याला खांद्याला धरून हलवलं.

‘‘कोन गेलं रे?’’

चांगू रडायचा थांबला. ‘‘बा गेला ना गो?’’

‘‘मेल्या, म्हाडला गेला!’’

सगळी मिरवणूक महाडला धावली. खांदा द्यायला आलेल्यांनी रक्त दिलं आणि ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आलेल्या काशीरामानं पोराचं डोकं पाहिलं आणि घाबरून विचारलं, ‘‘माजं काय झालं रे?’’

येसूबाई तडक पोस्टात आली. यज्ञेश्वर प्रसन्न होते. ‘‘योजनेचं यश आहे हे! पूर्ण निरोप मिळाला असता तर तो रजेचा अर्ज लिहीत बसला असता. अर्धाच मिळाला म्हणून धावत आला.’’

येसूबाईनं मास्तरांचा नाद सोडला आणि ती रांगेकडे वळली. तिथं तिची माणसं होती. ‘‘बाबांनो, उद्या तुमच्या घरचा निरोप असाच तुटंल. आज सगल्यांनी मिलून मास्तरांना सांगूया, की ज्याचं अडलंय त्याला आदी पुरतं बोलू दे—’’

‘‘मावशे, तुजा पोरगा आला ना? मग आटप. मागं मानसं हायत.’’

कोण बोललं, ते येसूबाईला दिसलं नाही. रांगेतले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बोलणाऱ्याचा पत्ता आजवर लागलेला नाही. मात्र आपण या गोष्टीत येसूबाईच्या बाजूनं आहोत, असं मानून इथवर आलेल्या प्रत्येकानं ते वाक्य एकदा स्वतःच्या आवाजात म्हणून पाहावं. जिभेला नवं लागत नाही.