सुभानराव धनेशाची गृहभेट

एका जंगलात, मुलांनो, एक धनेश पक्षी राहत होता. कुठल्या जंगलात ते विचारू नका, तिथं अजून एसटी जात नाही. टपाल मात्र जायचं, आणि सगळा घोळ त्या टपालानंच केला. धनेशाचं नाव सुभानराव. त्याच्या बायकोचं नाव चंद्रा.

आता धनेशांची एक रीत तुम्हाला ठाऊक हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून चिखलानं दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसं गळतात, म्हणजे नवी येईपर्यंत उडायची सोय नाही. तोवर नवऱ्यानं उंबरं आणून फटीतून भरवायची. तो आला नाही तर ती उपाशी आणि पिल्लंही उपाशी.

चंद्रा बेहड्याच्या ढोलीत जाऊन बसली. सुभानराव उंबरं आणू लागला. दिवसाला वीस फेऱ्या. आठवड्यात त्याचे पंख भरून आले.

"छे! हे काय जगणं झालं?" तो म्हणाला. "नुसती हमाली! एवढी ऐटबाज चोच दिलीय देवानं, ती काय उंबरं धरायला?"

तेवढ्यात टपालवाला पारवा एक कागद टाकून गेला. लांबच्या तळ्यावर बगळ्यांचं विद्यापीठ होतं. 'घरबसल्या शिका! कुटुंब कायदा आणि नातेसंबंध सल्ला. तीन धडे, एक प्रात्यक्षिक, वर प्रमाणपत्र.' हे बगळे एका पायावर उभे राहून धडे लिहीत. ढोली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, पण कुटुंबाबद्दल त्यांची मतं फार पक्की होती.

सुभानरावानं लगेच नाव घातलं.

पहिला धडा वाचून त्याला घामच फुटला. जोडीदाराला कोंडून ठेवणं गुन्हा आहे, असं त्यात छापलं होतं. तो तडक ढोलीपाशी आला.

"अगं, तुला कोंडलंय!"

"कुणी?"

"मीच असणार. दुसरं आहे कोण इथं?"

"अहो, दार मी लिंपलंय. आतून. उंबरं आणलीत का?"

"पीडित व्यक्ती सुरुवातीला असंच म्हणते. पान सात," सुभानराव म्हणाला. "हा धडा तुझ्याजवळ ठेव गं, बाहेर भिजेल." त्यानं फटीतून कागद आत सारले आणि दुसरा धडा वाचायला गेला.

दुसरा धडा पोटगीचा होता. चाळीस पानं. बायकोच्या पोटाची जबाबदारी कशी नवऱ्याची, हे त्यात फार सुंदर समजावलं होतं. तो मन लावून वाचेपर्यंत दोन दिवस चंद्राच्या पोटात काही गेलं नाही.

मग दोन पिल्लं बाहेर आली आणि चोची वासून ओरडायला लागली. सुभानराव धडा संपला की एखादी फेरी मारायचा. चंद्रा मिळालेली उंबरं पिल्लांना द्यायची, आपण त्यांची साल चघळायची. तिला रडू आलं. मग राग आला. राग आल्यावर तिनं शेजारी पडलेले कागद ओढले आणि वाचायला घेतले. वेळ तर भरपूर होता.

तिसरा धडा संवादाचा. जोडीदार बोलेल ते आपल्या शब्दांत परत सांगावं, असा नियम होता.

"अहो, भूक लागलीय," चंद्रा म्हणाली.

"म्हणजे तुला भूक लागल्यासारखं वाटतंय. बरोबर ऐकलं ना मी?"

"बरोबर ऐकलंत. मग उंबरं?"

"लगेच उपाय द्यायचा नाही, असं लिहिलंय," सुभानराव म्हणाला, आणि तोही धडा आत सारून निघून गेला.

शेवटी प्रात्यक्षिक आलं. 'एका पीडित कुटुंबाला गृहभेट द्या. आत जाऊन पाहणी करा. कुटुंब जवळचंच निवडा, प्रवासखर्च मिळणार नाही.'

सुभानराव कोरा कागद घेऊन ढोलीपाशी आला. "चंद्रा, मला आत यावं लागेल. सरकारी काम समज."

चंद्राला नवी पिसं आली होती. तिनं चोचीनं दार फोडलं आणि पंख झटकले. "या ना. जागा एकाचीच आहे, मी बाहेर थांबते."

तो आत बसून लिहायला लागला. 'हवा कोंदट. पिल्लं दोन. आवाज फार.' चंद्रा ओढ्यावर गेली, चिखल घेऊन आली. परत गेली, परत आली. सुभानराव 'उजेड कमी' असं लिहीत होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की उजेड खरोखरच कमी होतोय. बघतो तर दार लिंपलेलं. फट तेवढी बाकी. जागा इतकी अडचणीची की ती ऐटबाज चोच दारावर मारताही येईना.

"अगं, मी कोंडला गेलोय!"

"म्हणजे तुम्हाला कोंडल्यासारखं वाटतंय. बरोबर ऐकलं ना मी?"

"मला भूक लागलीय!"

"भूक लागल्यासारखं वाटतंय," चंद्रा म्हणाली, आणि दोन पिकली उंबरं पिल्लांच्या चोचीत घातली. नवऱ्याला उरलंसुरलं मिळालं.

सुभानरावानं अहवाल फटीतूनच पारव्याकडे दिला, आणि पंधरा दिवसांनी प्रमाणपत्र आलं. पहिला वर्ग! खाली बगळ्यांचा शेरा होता, 'विद्यार्थी कुटुंबाशी इतका समरस झाला की भेट अजून संपलेली नाही.' चंद्रानं ते झाडाला टांगलं आणि शेजारी पाटी लावली, 'सल्ला मिळेल. सल्लागार आतच आहेत.'

पहिलं गिऱ्हाईक म्हणून साळिंदर आलं. बायको बोलत नाही, बघत नाही, तोंड फिरवून बसते, असं पुष्कळ रडगाणं त्यानं गायलं.

फटीतून क्षीण आवाज आला. "तिनं सकाळपासून काही खाल्लंय का?"

"ते नाही विचारलं."

"मग आधी तिला खायला ने बाबा. बोलायचं नंतर बघ. आणि इथून जाताना मला दोन उंबरं दे."

तात्पर्य: मुलांनो, मोठे झालात की नातेसंबंधांचा अभ्यास जरूर करा. फक्त वाचून झालेले धडे बायकोजवळ ठेवायला देऊ नका.