झटक्याची पेटी आणि मनकर्णाचा अबोला

मनकर्णा नवऱ्याशी बोलत नव्हती. जे काय बोलायचं ते म्हशीशी बोलायची. "म्हशे, कुणाला जेवायचं असंल तर भाकर टोपल्यात झाकून ठेवली हाय म्हनावं." मग सटवाजीही म्हशीकडे तोंड करून म्हणायचा, "म्हशे, संगट ठेचा हाय का, इचार जरा." म्हैस बिचारी दोघांकडे आळीपाळीनं बघत रवंथ करायची विसरायची.

झालं होतं असं, की सटवाजी ज्वारीवरची पाखरं राखायला शेतातल्या माळ्यावर चढला आणि तिथंच झोपला. सटवाजीची झोप म्हणजे आडात पडलेला दगड. पिंगळी गावच्या पंचक्रोशीतली झाडून सारी पाखरं आली, कणसं टिपून तृप्त झाली, आणि सांगणारे सांगतात की त्यातली काही वामकुक्षीला त्याच्याच छातीवर टेकली. संक्रांतीला मनकर्णानं साऱ्या आळीला 'गोड बोला' म्हणत तीळगूळ वाटला; सटवाजीची वडी मात्र गव्हाणीच्या काठावर ठेवून दिली. तिच्या शिव्या त्यानं आनंदानं खाल्ल्या असत्या, पण हे मुकेपण काही सोसवेना. बायकोनं एकदा सरळ आपल्याशी बोलावं, एवढीच आस उरली होती.

त्याच दिवसांत, पारावर विद्यापीठाच्या नामांतराच्या गप्पा रंगलेल्या असताना, गावात विजेचा झटका देऊन काळीज चालू करणारी पेटी आली. अमेरिकेत गेलेल्या गावच्याच एका डॉक्टरनं धाडलेली. माणसाचं हृदय दगा देऊ लागलं की उघड्या छातीला दोन चिकट पट्ट्या लावायच्या, आणि पेटीतली बाई इंग्रजीत सांगेल तसं वागायचं. बन्सीधर गुरुजी परभणीहून ते शिकून आले होते. आता गावाला शिकवायचं तर रोगी हवा, आणि निपचित पडण्यात सटवाजीचा हात धरणारा कुणी नव्हता.

"करंट तर न्हाई ना बसायचा, गुर्जी?"

"अरे, पेटी आज चालूच करायची न्हाई. तू नुस्ता पडून ऱ्हा."

लिंबाखाली घोंगडी, अंगावर पौषातलं कोवळं ऊन. बघता बघता सटवाजी नावेत जाऊन बसला. खाली गोदावरीच्या जागी ज्वारीचं शेत लाटा मारत होतं, पाखरं चोचीत दोऱ्या धरून नाव ओढत होती आणि समोर मनकर्णा बसली होती. तिचे ओठ हलत होते. आवाज मात्र येत नव्हता.

इकडे गुरुजी शिकवत होते. "पहिल्यांदा हाक मारायची. सटवाजी! बघा, ओ देत न्हाई. मग खांदा हलवायचा. हालत न्हाई. वा! पेशंट असावा तर असा!"

शेजारच्या भुजंगनं कौतुकानं चिमटा काढला. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी वहाण हुंगवली. शेवटी तांब्याभर पाणी तोंडावर मारलं. नावेत थोडं पाणी आलं, एवढंच.

आळीतली चांगुणाबाई घाबरून उठली. "गुर्जी, हे सोंग न्हाई. ह्यो खराच गेलाय!"

गुरुजींचं पुढचं शिकलेलं सारं डोक्यातून उडालं. कुणीतरी मनकर्णाला बोलवायला शेताकडे धावलं. गुरुजींनी पेटी चालू केली. सटवाजीच्या छातीला सकाळीच चोळलेलं तिळाचं तेल. पट्ट्या मासळीसारख्या निसटल्या. उपरण्यानं छाती कोरडी करून त्या पुन्हा चिकटवल्या, तोवर मनकर्णा आली ती थेट त्याच्या अंगावरच कोसळली.

"अवो धनी, मला टाकून कुठं चाल्लाव हो!"

नावेत आवाज आला! सटवाजी जागा झाला, पण डोळे उघडले नाहीत. ती त्याच्याशीच बोलत होती, अगदी थेट.

"पाखरालाबी उपाशी धाडलं न्हाई माज्या धन्यानं! आळणी कोरड्यास भाकरीसंगट मुकाट खाल्लं हो! म्या मुकी ऱ्हायले, तरी एका शब्दानं रागं भरला न्हाई!"

आता आपल्याकडे, गेलेल्या माणसाला सोडून लांब उभं राहिलं, तर लोक माया नव्हती म्हणतात. तेव्हा साऱ्या बायकांनी त्याचे हात धरले, पाय धरले. पेटीतली बाई एकच गोष्ट परत परत सांगत होती.

"हात काढा! कुणी शिवू नका म्हनायलीय ती!" गुरुजी ओरडले.

"तिचं काय जातंय म्हनायला? तिचा कुणी लागतोय का ह्यो?" चांगुणाबाईनं पाय आणखीच घट्ट धरले.

भुजंगनं एकेकीला ओढून बाजूला केलं. मनकर्णा सगळ्यांच्या शेवटी सुटली. पेटी काळीज तपासू लागली. सटवाजी पेचात पडला. डोळे उघडावेत, तर उद्यापासून पुन्हा मध्ये म्हैस. मिटून ठेवावेत, तर करंट. त्यानं मनात दोन्ही तोलून पाहिलं आणि डोळे मिटूनच ठेवले.

पेटी बोलली. गुरुजींनी मान खाली घातली. "झटका नको म्हनती."

"म्हंजी तिनंबी हात टेकले!" चांगुणाबाईनं असा गळा काढला, की तिकडं स्टेशनातली माणसं गाडीची शिट्टी समजून उठली.

"थांबा, थांबा!" गुरुजी कपाळावर हात मारून म्हणाले. "झटका नको म्हंजी काळीज नीट चालत असंल तरीबी ही तसंच म्हनती... आरं, श्वास चालू हाय का ते बघायचंच राहिलं की!"

त्यांनी सटवाजीच्या नाकाशी गाल नेला. ऊन ऊन श्वास, आणि कांद्याचा वास. "ह्यो तर जित्ता हाय!"

सटवाजीनं नाइलाजानं डोळे उघडले. "माझं रडनं वाया घातलंस की रं, मुडद्या!" म्हणत चांगुणाबाईनं पदर झटकला, आणि गाव हसत हसत पांगलं.

घराकडं जाताना मनकर्णा पुढं, सटवाजी मागं. ती गप्प. एवढ्यात ती मागं न बघताच म्हणाली, "गुर्जीला लय उशिरा कळलं. तुमी जित्ते हाव ते मला आधीच कळलं होतं."

"आं? कवा?"

"तुमच्यावर पडले तवाच. कानाखाली काळीज धाडधाड वाजायलं होतं."

"मग येवढा हंबरडा कशापायी फोडला?"

मनकर्णा थांबली, वळली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "जित्या नवऱ्याशी बोलायचं न्हाई, असं ठरवलं होतं म्या. मेलेल्याशी बोलायला काय हरकत हाय?"